बंब, पंप आणि सूर्य : उल्हास खोऱ्याच्या संदर्भात गृहतापन व गृहशीतन यांच्या इतिहासाचा विचार

१

घरातील ऊब व गारवा यांच्या साधनांचा इतिहास बहुधा शोधकांच्या चरित्रांच्या अनुरोधाने लिहिला जातो. अमुक साली अमुक देशात यंत्र निर्माण झाले व कालांतराने ते अन्य देशांत पोहोचले, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. या मांडणीत दोन गोष्टी निसटतात. यंत्र ज्या हवामानासाठी प्रथम कल्पिले गेले त्या हवामानाची खूण त्याच्या रचनेत दीर्घकाळ टिकून राहते, ही पहिली. आणि ज्या समाजात ते यंत्र येते त्या समाजाच्या भाषेत त्याच्या कार्याशी निगडित अशी एखादी जुनी संज्ञा आधीच नांदत असते, ही दुसरी.

सूर्याची उष्णता गोळा करणारा संग्राहक आणि उष्णता कमी तापमानाकडून अधिक तापमानाकडे नेणारा पंप, या दोन साधनांचा संयोग हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा विषय होय. हा संयोग मुख्यतः ज्यांना हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवाव्या लागतात अशा देशांतील घरांसाठी सिद्ध झाला. उष्ण व पर्जन्यबहुल प्रदेशात त्याचा अर्थ बदलतो. तो कसा बदलतो हे ठरविण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही परस्परांना लागून असलेली तीन नगरे उदाहरण म्हणून विशेष उपयुक्त आहेत. कारण निवाऱ्याच्या तीन वेगवेगळ्या इतिहासांची गाठ येथे एकाच नदीच्या काठी पडली आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट ठरेल. मराठी घरात स्नानाचे पाणी तापविण्याचे पारंपरिक साधन म्हणजे बंब. तांब्याचे उभे नळकांडे, त्याच्या मध्यातून जाणारी विस्तवाची पोकळी, भोवती पाणी आणि खाली तोटी, ही त्याची रचना. निखाऱ्यांची उष्णता धुराबरोबर वाया न जाता चहूबाजूंनी पाण्यास मिळावी, हे त्या रचनेचे मर्म होय. उघड्या चुलीवर ठेवलेल्या हंड्याशी तुलना केली असता बंब हे काटकसरीचे यंत्र आहे, हे सहज ध्यानात येते.

तथापि या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे. आग विझविण्यासाठी पाण्याचा फवारा सोडणाऱ्या यंत्रासही बंबच म्हणतात. एकच शब्द आग पोटात बाळगणाऱ्या आणि आग विझविणाऱ्या अशा दोन्ही यंत्रांना लागावा, हे वरकरणी विसंगत वाटते. या विसंगतीचा उलगडा शब्दाच्या उगमात आहे. पोर्तुगीज भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पाणी उपसणारे किंवा ढकलणारे यंत्र, अर्थात पंप. वसई व तिच्या परिसरावर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. गोव्यात तर तो १९६१ पर्यंत टिकला. या दीर्घ संपर्कातून मराठीत जे शब्द आले त्यांतील पुष्कळसे घरगुती वापराचे आहेत. बालदी, पिंप, घमेले हे त्यांपैकीच; आणि बंब त्यांच्याच पंक्तीत बसतो. न्हाणीघरातील भांड्यांच्या नावांत या समुद्रमार्गे आलेल्या शब्दांचा भरणा असावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अग्निशामक यंत्राच्या बाबतीत मूळ अर्थ शाबूत राहिला. पाणी तापविण्याच्या भांड्याकडे तो शब्द बहुधा आकारसाम्याने व धातुसाम्याने वळला असावा. उभे नळकांडे, आत पाणी, खाली तोटी, एवढे साधर्म्य लोकभाषेला पुरेसे असते. गुजरातीतील ‘बंबो’ हा शब्दही असाच दोन्ही अर्थांनी चालतो. परिणाम असा झाला की, मराठीत पंपाचे नाव उष्णतेच्या साधनाला मिळाले. आज पोर्तुगीज भाषेत उष्णता-पंपास ‘बोंबा द कालोर’, म्हणजे शब्दशः उष्णतेचा बोंबा, असे म्हणतात. मराठीने जो अर्थ अपभ्रंशाने साधला होता तो तिकडे यंत्रविद्येच्या वाटेने सिद्ध झाला. हा केवळ योगायोग होय. परंतु नव्या यंत्राचे तत्त्व समजावून घेताना तो उपकारक आहे. बंब उष्णता निर्माण करतो, कारण त्याच्या पोटात काहीतरी जळते. उष्णता-पंप उष्णता निर्माण करीत नाही. विहिरीतील पाणी जसे वर आणावे तशी हवेत, पाण्यात किंवा जमिनीत असलेली उष्णता तो उपसून आणतो. या अर्थी तो ‘बोंबा’ शब्दाच्या मूळ अर्थाशी अधिक प्रामाणिक आहे.

३

उष्णतेच्या या उपशाची कल्पना हिंदुस्थानच्या उन्हाळ्याशी जन्मापासून संबंधित आहे, ही गोष्ट यंत्रविद्येच्या इतिहासात फारशी ठळकपणे मांडली जात नाही. स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्‌स पियाझी स्मिथ यांनी १८५० च्या सुमारास उष्ण कटिबंधातील निवासस्थानांची हवा गार करण्याची एक रीत सुचविली. हवा प्रथम दाबावी, दाबल्याने तापलेली ती हवा पाण्याच्या साहाय्याने निववावी आणि नंतर तिला प्रसरण पावू द्यावे. प्रसरणाबरोबर ती मूळच्यापेक्षा गार होते व खोलीत सोडता येते, असा त्या रीतीचा सारांश होता. हिंदुस्थानात राहणारे युरोपीय लोक हे या योजनेचे उद्दिष्ट होते. विल्यम रँकिन यांनी तिच्या यांत्रिक बाजूचे विवेचन केले.

याच चर्चेच्या ओघात विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले पदार्थवैज्ञानिक, यांनी १८५२ मध्ये ग्लासगो येथील विद्वत्‌सभेपुढे हवेच्या प्रवाहांच्या योगे इमारती उबदार किंवा गार ठेवण्यातील काटकसरीवर निबंध सादर केला. फ्रान्समधील सादी कार्नो यांनी १८२४ साली उष्णता-यंत्राच्या मर्यादेचा जो सिद्धान्त मांडला होता, तो टॉमसन यांनी उलट दिशेने लावून पाहिला. उष्णता वरून खाली उतरताना काम देते. तर काम खर्चून ती खालून वर चढविताही येईल, आणि चढण थोडी असेल तर खर्चलेल्या कामाच्या कित्येक पट उष्णता वर आणता येईल. कोळसा थेट जाळून खोली तापविण्यापेक्षा त्याच कोळशावर यंत्र चालवून बाहेरची उष्णता आत उपसणे अधिक किफायतीचे ठरावे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. उष्ण देशातील खोली गार करण्याचा प्रश्न सोडविताना थंड देशातील खोली उबदार करण्याचे उत्तर हाती लागले, असे या प्रकरणाचे स्वरूप आहे.

या तत्त्वाचा पहिला औद्योगिक उपयोग ऑस्ट्रियातील एबेन्से येथील मिठागरात पेटर रिटिंगर यांनी १८५० च्या दशकात करून पाहिला. खारे पाणी आटविताना निघणारी वाफ दाबून तिची उष्णता पुन्हा वापरात आणणे, असा तो प्रयोग होता. स्विस अभियंते हाइन्‌रिख झोएली यांनी १९१२ मध्ये जमिनीतून उष्णता उपसण्याच्या रीतीचे एकस्व घेतले. झुरिकच्या नगरसभागृहात १९३८ साली लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसविण्यात आला. तेव्हापासून हे यंत्र युरोपात गृहतापनाचे साधन म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या उष्ण देशांच्या निमित्ताने विचाराला चालना मिळाली होती ते देश मध्यंतरीच्या काळात कथानकातून बाहेर पडले.

४

सूर्याच्या उष्णतेचा इतिहास काही काळ मुंबईतूनच गेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे उपनिबंधक विल्यम ॲडम्स यांनी १८७८ साली सौर उष्णतेवर एक पुस्तक मुंबईत प्रसिद्ध केले. उष्ण देशांत ती इंधनाची जागा घेऊ शकेल, हा त्याचा प्रतिपाद्य विषय होता. फ्रान्समधील ओग्युस्तँ मूशो यांच्या प्रयोगांवरून त्यांना स्फूर्ती मिळाली होती. परंतु मूशो यांच्या वक्र व महागड्या आरशाऐवजी त्यांनी लहान सपाट आरसे चौकटीत जुळवून वापरले. कुलाब्यात त्यांनी उभारलेल्या आरशांच्या अर्धवर्तुळाने बाष्पित्र तापवून सुमारे अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालविला. त्यांच्या सौर चुलीत सात शिपायांचा शिधा जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या सर्वांत थंड ऋतूत, दोन तासांत शिजला, असे त्यांनी नोंदविले आहे. मुंबईत कोळसा दुरून आणावा लागे आणि जळाऊ लाकूड महाग होत होते. ऊन मात्र विपुल होते. ॲडम्स यांची प्रेरणा ही अशी आर्थिक होती.

त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मूशो यांनी सूर्याच्या उष्णतेवर शोषण-प्रशीतन यंत्र चालवून बर्फ तयार करून दाखविला. उन्हातून बर्फ, हा प्रकार त्या काळच्या प्रेक्षकांना चमत्कारासारखा वाटला असल्यास नवल नाही. त्यानंतर प्रशीतनविद्येचे एक अग्रणी शार्ल तेलिये यांनी १८८५ च्या सुमारास पॅरिसमधील ओतय येथे छपरावर धातूच्या पोकळ सपाट पेट्या बसविल्या, त्यांत अमोनिया भरला आणि उन्हाने फुललेल्या त्या वायूच्या दाबावर पाण्याचा पंप चालविला. आरशाची गरज त्यांना पडली नाही. अमोनियासारखे सहज उकळणारे द्रव्य वापरल्यामुळे मंद उष्णताही कामास आली. आजच्या सपाट सौर संग्राहकाचे आणि प्रशीतन यंत्रातील द्रव्याचे नाते येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. सूर्य आणि शैत्य यांची विद्या एकाच छपरावर आली होती. तिला घरात उतरण्यास मात्र आणखी सत्तर वर्षे लागली.

५

संग्राहक व उष्णता-पंप यांच्या जाणीवपूर्वक संयोगाचा काळ म्हणजे १९५० चे दशक होय. अमेरिकेतील फिनिक्स येथे १९५५ साली भरलेल्या सौर ऊर्जेवरील जागतिक परिसंवादात स्पॉर्न व ॲम्ब्रोज यांनी या संयोगावर निबंध वाचला. पुढील वर्षी अल्बुकर्की येथे ब्रिजर्स व पॅक्स्टन या अभियंत्यांच्या कार्यालयाची इमारत उभी राहिली. दक्षिणाभिमुख संग्राहक, पाण्याचा साठा व उष्णता-पंप यांवर तिचे तापन अवलंबून होते. जपानमध्ये यानागिमाची यांनी त्याच दशकात टोकियो येथे याहून व्यापक योजना अमलात आणली. हिवाळ्यात दिवसा संग्राहकाने ऊन टिपावे; उन्हाळ्यात रात्री त्याच संग्राहकावरून पाणी वाहवून आकाशाकडे उष्णता सोडावी; आणि दोन्ही ऋतूंत उष्णता-पंपाने उरलेले अंतर भरून काढावे, अशी ती वर्षभराची व्यवस्था होती.

या संयोगातील तर्क साधा आहे. हिवाळी उन्हात संग्राहकाचे पाणी वीस-पंचवीस अंशांपर्यंतच तापले, तर तेवढ्याने खोली उबदार होत नाही. आणि बाहेरची हवा शून्य अंशावर असेल, तर पंपाला चढण फार पडते. परंतु पंपाने हवेऐवजी त्या कोमट पाण्यातून उष्णता उचलली, तर चढण निम्मी होते. संग्राहक एकटा अपुरा, पंप एकटा खर्चिक. दोघे मिळून दोघांचे दोष झाकतात. मात्र या तर्काचा पाया म्हणजे बाहेरची गोठविणारी हवा. जेथे हवा कधीच गोठत नाही तेथे हा तर्क जसाच्या तसा लागू पडत नाही.

टोकियोतील रात्रीच्या प्रारणाची युक्तीही भारताला अपरिचित नव्हती. उत्तर हिंदुस्थानात थंडीच्या दिवसांत उथळ मातीच्या ताटल्यांत पाणी ठेवून रात्रीच्या निरभ्र आकाशाखाली बर्फ जमविण्याची जुनी रीत होती. सर रॉबर्ट बार्कर यांनी तिचे वर्णन १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केले आहे. परंतु ही रीत कोरड्या आकाशाची आहे. कोकणपट्टीतील दमट हवा रात्री जमिनीकडे उष्णता परत पाठविते. म्हणून जेव्हा गारव्याची गरज सर्वाधिक असते त्या वैशाखात व पावसाच्या उंबरठ्यावर ही युक्ती दुबळी पडते.

६

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगराळ भागातून निघून पश्चिमेस वाहते. कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला व तिन्ही नगरे आज त्याच मार्गावर आहेत. समुद्रावरील वारा मुंबईस आधी पोहोचतो. खोऱ्यात येईपर्यंत त्याचा जोर ओसरतो. त्यामुळे उन्हाळ्यात येथील दुपार मुंबईपेक्षा अधिक तापते आणि हिवाळ्यात पहाट अधिक गार होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आकाश बहुतांशी झाकलेले असते. खोल्या तापविण्याची गरज येथे कोणत्याही ऋतूत पडत नाही. स्नानास ऊन पाणी मात्र बहुतेक वर्षभर लागते आणि झोपेसाठी गारवा वर्षातील निम्म्या रात्री तरी हवासा वाटतो.

या खोऱ्यातील निवाऱ्याचा सर्वांत जुना ठळक पुरावा म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ देणारा शिलालेख तेथे असून तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील आहे. मंदिराचे गर्भगृह मंडपाच्या पातळीहून बरेच खाली असून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. ही रचना धार्मिक आहे, तापमानासाठी केलेली नव्हे. तथापि जमिनीच्या पोटातील तापमान ऋतूंबरोबर फारसे हलत नाही, या सत्याचा अनुभव तेथे उतरणाऱ्या प्रत्येकास येतो. झोएली यांनी १९१२ साली ज्या साठ्यावर हक्क सांगितला तो हाच होय. बदलापूरकडच्या जुन्या वस्तीतील कौलारू घरांनी दुसरा मार्ग धरला होता. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा निसटते, माळा मधल्या पडद्याचे काम करतो, आणि ओसरीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही.

उल्हासनगरचा इतिहास याहून निराळा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे १ लाख निर्वासितांना या छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि नदीच्या नावावरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. या निर्वासितांपैकी कित्येक कुटुंबे ज्या सिंधमधून आली तेथील हैदराबाद शहर छपरांवरील वारा टिपणाऱ्या झरोक्यांसाठी प्रसिद्ध होते. सिंधीत त्यास मंघ म्हणतात. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा समुद्राचा वारा तोंडाशी धरून तो मजल्यामजल्यांतून खाली उतरविणे हे मंघाचे काम. सगळ्या छपरांवरील झरोक्यांची तोंडे एकाच दिशेस असत. बराकीवर मंघ नव्हता. युद्धकाळातील तात्पुरत्या निवाऱ्याचे कायम वसतीत रूपांतर झाले, तेव्हा घराबरोबर चालत येणारे गारव्याचे शहाणपण मागे राहिले आणि त्याची जागा प्रथम विजेच्या पंख्याने व पुढे वातानुकूलन यंत्राने घेतली. बराकींच्या जागी बहुमजली इमारती आल्या. अंबरनाथच्या कारखान्यांभोवती चाळी व वसाहती वाढल्या. आणि मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे बदलापूरपर्यंत पसरली. तिन्ही ठिकाणी कौल, माळा व ओसरी यांच्या जागी सिमेंटचा सपाट तक्ता आला. हा तक्ता दिवसभर ऊन साठवितो व रात्री ते खालच्या खोलीत सोडतो. एका अर्थी तो अनिच्छेने झालेला सौर संग्राहकच होय.

७

महाराष्ट्रात या विषयाची शास्त्रीय सामग्री गेल्या सहा-सात दशकांत हळूहळू जमत गेली. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने, म्हणजे १९५७-५८ मध्ये, भारतात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे राहिले. त्यामागे पुण्याच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ॲना मणी यांचा मोठा वाटा होता. त्यांचा सौर प्रारणविषयक आकडेवारीचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात १९७३ च्या तेलसंकटाने इंधनाचा प्रश्न जगापुढे उभा केला होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक सुहास सुखात्मे यांचे सौर ऊर्जेवरील पाठ्यपुस्तक १९८४ साली आले आणि देशभरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या हाती पडले. त्याच संस्थेत उष्णता-पंपावर स्वतंत्र प्रयोगशाळाही काम करीत आली आहे. लातूर येथील दुग्धालयात २००६ साली दूध निर्जंतुक करण्यासाठी १६० चौरस मीटर क्षेत्राचा ‘अरुण’ नावाचा सौर संकेंद्रक बसविण्यात आला. पुण्याच्या थरमॅक्स या उद्योगाने २०११ मध्ये गुरुग्रामजवळील सौर ऊर्जा केंद्रात सूर्याच्या उष्णतेवर चालणारी शोषण-शीतन यंत्रणा उभारली. मूशो यांचा १८७८ चा बर्फ अशा रीतीने वातानुकूलनाच्या रूपाने भारतात आला.

तथापि या मोठ्या यंत्रणा दुग्धालयांच्या, संस्थांच्या व कार्यालयांच्या आहेत. सामान्य घरात गच्चीवरचा सौर बंब व खोलीतील वातानुकूलन यंत्र ही दोन साधने आली ती वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून आणि परस्परांची ओळख नसलेली अशी आली. वातानुकूलन यंत्र हाही उष्णता-पंपच आहे, ही जाणीव व्यवहारात क्वचितच असते. त्याला गारवा निर्माण करणारे यंत्र समजले जाते. वस्तुतः ते खोलीतील उष्णता उपसून बाहेर ओतते.

८

या ठिकाणी काही साध्या हिशेबांची मदत घेणे आवश्यक आहे. एका कुटुंबास स्नानासाठी १०० लिटर पाणी लागते आणि ते २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवावयाचे आहे, असे धरले तर त्यास सुमारे २.३ युनिट उष्णता लागते. साध्या विजेच्या तापकात तेवढीच वीज खर्च होते. १ टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र पूर्ण भाराने चालताना दर तासास खोलीतून सुमारे ३.५ युनिट उष्णता उपसते. त्यासाठी त्यास सुमारे १ युनिट वीज लागते आणि दोहोंची बेरीज, म्हणजे सुमारे ४.५ युनिट, ते गल्लीत टाकून देते. याचा अर्थ असा की, यंत्राच्या अर्ध्या तासाच्या टाकाऊ उष्णतेत एका कुटुंबाच्या स्नानाचे पाणी तापू शकते. प्रत्यक्षात काही अंश वाया जाईल हे खरे. परंतु प्रमाणाची कल्पना येण्यास एवढे पुरे. उन्हाळ्याच्या रात्री एक कुटुंब उष्णता विकत घेऊन फेकते आणि सकाळी तेच कुटुंब पुन्हा उष्णता विकत घेते. उल्हासनगरच्या अरुंद गल्ल्यांत तर फेकलेली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीशी जाते. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचा गारवा ज्याच्याकडे ते नाही त्याच्या उकाड्यात भर घालतो. म्हणून हा केवळ काटकसरीचा प्रश्न राहत नाही.

पावसाळ्याचा हिशेब याहून उद्‌बोधक आहे. १०० लिटर पाण्यास प्रचलित प्रमाणानुसार सुमारे २ चौरस मीटर सपाट संग्राहक लागतो आणि उघडिपीच्या आठ महिन्यांत तो आपले काम चोख बजावतो. पावसाच्या चार महिन्यांत मात्र तो फारसा उपयोगी पडत नाही व घरातील विजेचा तापक पुन्हा सुरू होतो. नेमके याच महिन्यांत उष्णता-पंपाची परिस्थिती उत्तम असते. आदर्श यंत्राच्या सूत्राने पाहिले तर शून्य अंशाच्या हवेतून ५५ अंशांच्या पाण्यात उष्णता चढविताना एका भाग कामास सुमारे ६ भाग उष्णता मिळते. २७ अंशांच्या हवेतून चढविताना ती सुमारे १२ भाग मिळते. प्रत्यक्ष यंत्राचे आकडे याहून पुष्कळ कमी, बहुधा ३ ते ४ च्या आसपास असतात; परंतु चढण निम्मी होते हे तत्त्व कायम राहते. शिवाय दमट हवेतील बाष्प पंपाच्या गार नळ्यांवर जमते व जमताना आपली सुप्त उष्णता देऊन जाते. तोच पंप घरातील हवेवर चालविला, तर पाणी तापते आणि श्रावणात दोरीवर तीन-तीन दिवस ओले राहणारे कपडे वाळण्यासही मदत होते.

अल्बुकर्कीत सूर्याने पंपाला हिवाळ्यात हात दिला. उल्हास खोऱ्यात दोघांनी वर्ष वाटून घ्यावयाचे आहे: उघडिपीत सूर्याने, पावसात पंपाने आणि उन्हाळी रात्री खोलीतून उपसलेल्या उष्णतेने स्नानाचे पाणी तापवावे. येथील संयोग ऋतूंच्या वाटणीचा आहे, तापमानाच्या शिडीचा नव्हे. थंड देशातील आराखडा जसाच्या तसा आणून वैशाखात संग्राहकाचे तापलेले पाणी पंपाला पुरविले, तर शीतनाच्या कामी त्याचा काहीच उपयोग होणार नाही. उन्हाळ्यात येथे सूर्य हा प्रतिपक्षाचा असतो.

यात अडचणी नाहीत असे नव्हे. वीस कुटुंबांच्या इमारतीस ४० चौरस मीटर संग्राहक गच्चीवर बसू शकतात. ऐंशी कुटुंबांच्या मनोऱ्यास १६० चौरस मीटर लागतील, आणि त्यांच्या सावल्या परस्परांवर पडू नयेत म्हणून प्रत्यक्ष जागा त्याहून अधिक व्यापेल. त्याच गच्चीवर आता उन्हापासून वीज करणाऱ्या पट्ट्याही हक्क सांगतात. घरगुती छतांवरील अशा वीजनिर्मितीसाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठी योजना सुरू केली. त्या विजेवर उष्णता-पंप चालविणे हा संयोगाचा आणखी एक प्रकार होय, आणि दुपारच्या शीतनाशी त्याचा मेळ चांगला बसतो. परंतु गच्ची कोणाची, पाण्याची टाकी किती उंचीवर, वरच्या मजल्यास आधी पाणी की खालच्या, हे प्रश्न यंत्रशास्त्राचे नसून सहनिवासाचे आहेत. हैदराबादच्या छपरांवरील मंघांची तोंडे एका दिशेस होती, ती केवळ वाऱ्याच्या दिशेमुळे; गच्चीचे वाटप ठरविण्यास असा कोणताही नैसर्गिक संकेत उपलब्ध नाही. ते एकत्र बसूनच ठरवावे लागेल.

९

वरील विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो असा. उष्णता उपसण्याची कल्पना हिंदुस्थानातील उकाड्याच्या विचारातून पुढे आली. सूर्याच्या उष्णतेवर पंप चालविण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईत कुलाब्यास झाला. परंतु दोहोंचा संयोग थंडीच्या गरजेपोटी अन्यत्र घडला व त्याचा आराखडा त्या थंडीचे चिन्ह घेऊनच परत आला. येथील अभ्यासकांचे काम त्या आराखड्याचे भाषांतर करणे एवढेच नाही. गरजेचा क्रम बदलून तो नव्याने मांडणे हे आहे. या क्रमात खोलीचे तापन येत नाही. स्नानाचे पाणी, रात्रीचा गारवा आणि पावसाळ्यातील ओल या तीन गोष्टी येतात.

परिभाषेच्या दृष्टीनेही यातून एक सूचना संभवते. उष्णता-पंप हा शब्द अर्थाने निर्दोष आहे व शास्त्रीय लेखनात तो राहावा. परंतु लोकव्यवहारात यंत्र घरात शिरते ते परिचित शब्दाचे बोट धरून. छपरावरील संग्राहकास लोकांनी सौर बंब म्हणण्यास अनमान केला नाही. खोलीतील उष्णता घेऊन पाणी तापविणाऱ्या यंत्रास उद्या कोणी नुसता बंब म्हटले, तर ती भाषेची चूक समजू नये. वसईच्या किनाऱ्यावर उतरताना त्या शब्दाचा जो अर्थ होता, त्याच्या जवळच तो पुन्हा आलेला असेल.